रॉकरीत कपरू का नाही?

मुंबईत सोसायटीच्या गेटजवळ रॉकरी करायची म्हटली की पुढचं सगळं ठरलेलं. डेब्रिसमधले दगड रचायचे, त्यांना पांढरा ऑइलपेंट फासायचा, मध्ये लाल माती ओतायची आणि नर्सरीतून पिटुनिया-बिगोनियाच्या पिशव्या आणून खोचायच्या. पाऊस लागला की सगळं कुजतं. मग कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलणी माळ्याला.

नर्सरीतला तो मेणचट पानांचा बिगोनिया मूळचा दक्षिण अमेरिकेतला. आपल्या सह्याद्रीचा स्वतःचा बिगोनिया आहे, कपरू. पावसाळ्यात घाटातल्या निथळत्या कातळांना चिकटून फुलतो. उंची जेमतेम वीतभर, देठ रसरशीत, पान एका बाजूला कललेलं, फुलं फिकट गुलाबी. नर आणि मादी फुलं वेगळी, पण एकाच रोपावर. फूल हळूच उलटं करून बघा. पाकळ्यांमागे तीन पंखांची बोंडी दिसली तर मादी. (ट्रेकला शेवाळाच्या धाकाने मान खाली घालून चालणाऱ्यांना हा आधी दिसतो. पुढे पळणाऱ्यांना फक्त धबधबा.)

त्याला माती लागते कातळाच्या खाचेत साठते तेवढीच. पाऊस कितीही कोसळू दे, मुळाशी पाणी तुंबता कामा नये. मुंबईत चार महिन्यांत २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे इथल्या रॉकरीचं पहिलं काम निचरा. दगड तिरके लावा, खाली खडी घाला, जागा अर्ध्या सावलीची निवडा. रंग तेवढा नको. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा दगड आहे तो, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचा सख्खा भाऊ. त्याला कसला ऑइलपेंट?

खरी अडचण पावसानंतरची. कपरू वाळून जातो, जमिनीत फक्त कंद उरतो, तो पुढच्या पावसापर्यंत झोपलेला. आपल्याला हे सोसत नाही. ‘मेलं वाटतं’ म्हणून रोज पाइप धरला जातो आणि झोपेतला कंद सडतो. बारमाही फुलांचा हट्ट सोडला तर मे महिन्यात टँकर मागवताना या कोपऱ्याला थेंबभरही पाणी द्यावं लागणार नाही.

आणि कृपा करून बोरिवलीच्या नॅशनल पार्कातून रोपं उपटून आणू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. उपटलेलं रोप बहुधा जगतही नाही. गावाकडे ओळखीच्या कुणाच्या जागेत असेल तर विचारून एखादी वाळलेली बोंडी घ्या. बी धुळीसारखं बारीक असतं, एका बोंडीत पुष्कळ होतं.

आमच्या मीटिंगमध्ये हे मांडलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, “म्हणजे आठ महिने नुसते दगड बघायचे?”

म्हटलं, काकू, बाराही महिने पार्किंगमधल्या गाड्या बघतोच की आपण.