न्यूबेरी, तापाची पावडर आणि माझी चूक

नमस्कार. न्यूबेरीवरच्या माझ्या पोस्टखालची तुमची कॉमेंट दोनदा वाचली, आधी राग आला, मग निम्मी पटली. तुमचं म्हणणं असं की लंडनचा प्रकाशक जॉन न्यूबेरी याच्या १७४४ च्या 'अ लिटल प्रीटी पॉकेट-बुक' या पुस्तकाला मी 'जगातलं पहिलं बालपुस्तक' म्हटलं ते चूक, आणि तसंही तो निव्वळ धंदेवाला, पुस्तकासोबत खेळणं गळ्यात मारणारा, त्याला एवढं डोक्यावर कशाला घ्यायचं.

पहिलं मान्य, कान पकडतो. कमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचं मुलांसाठीचं चित्रांचं पुस्तक १६५८ लाच न्यूरेंबर्गला निघालं होतं. आणि खुद्द लंडनमध्ये थॉमस बोरमन १७४० पासून तळहातात मावतील एवढी पुस्तकं काढत होता, वर त्यात वर्गणीदार मुलांची नावंही छापायचा (गणपतीच्या अहवालात आपण आधी आपलं नाव शोधतो, तशीच ती पोरंही शोधत असणार). पोस्टमधलं वाक्य बदललंय.

दुसरं मात्र नाही पटलं. धंदेवाला तर तो होताच हो, डॉ. जेम्सची तापाची पावडर पण विकायचा, आणि १७६५ ला त्याने काढलेल्या 'गुडी टू-शूज'मध्ये नायिकेचा बाप मरतो तो कशाने, तर ताप भरला त्या गावात ती पावडर मिळत नव्हती म्हणून! निर्लज्जपणाची हद्द. पण ते १७४४ चं खेळणं बघा ना नीट. नुसतं पुस्तक सहा पेनी, मुलाला चेंडू किंवा मुलीला पिनकुशन हवं तर आठ. त्याची एक बाजू लाल, एक काळी, चांगलं वागलं की लाल बाजूला टाचणी टोचायची, वाईट वागलं की काळ्या, दहाच्या दहा लालमध्ये गेल्या तर राक्षस मारणारा जॅक (इंग्रजी लोककथेतला) एक पेनी पाठवणार आणि सगळ्या काळ्यात गेल्या तर छडी. म्हणजे उपदेश आहेच, पण तो हातात घेऊन खेळता येतोय. याला गळ्यात मारणं म्हणायचं?

आपल्याकडे सुरुवात वेगळी झाली. सदाशिव काशीनाथ छत्र्यांचं 'बाळमित्र' १८२८ चं, मूळ फ्रेंच पुस्तकाच्या इंग्रजीवरून केलेलं, आणि ते काढलं शाळांसाठी पुस्तकं करणाऱ्या मुंबईच्या सोसायटीने. मूल हे गिऱ्हाईक नव्हतंच, विद्यार्थी होतं. पुढे १८८१ ला विनायक कोंडदेव ओकांनी मासिक काढलं, त्याचंही नाव 'बालबोध'. ओकांच्या कष्टांबद्दल आदरच आहे, पण पोराने दुकानात हट्ट करावा म्हणून पुस्तक काढायचं हे आपल्याला फार उशिरा सुचलं असं माझं मत, आणि त्याचं मला वाईट वाटतं.

आणि हो, न्यूबेरीच्या १७४४ च्या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीचा फोटो का नाही असं विचारलंत. तिची एकही प्रत उरलेली नाही, सापडलेली जुन्यात जुनी १७६० ची. पोस्टमधला फोटो १७८७ च्या अमेरिकन आवृत्तीचा आहे, तिथल्या आयझेया थॉमस या मुद्रकाने उचलून छापलेली ती. कॅप्शन टाकायचं राहिलं होतं, आज टाकतो.