स्टार्ट खाली, फुली वर

माझी उंची चार फूट अकरा इंच. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिचं कधी काही अडलं नाही. खडूवाल्या बाईला फळ्याचा जेवढा भाग हाताला येतो तेवढा पुरतो. मग लोकवर्गणीतून शाळेत इंटरॅक्टिव्ह बोर्ड आला, म्हणजे बोट टेकवून कॉम्प्युटर चालवायचा फळा. तो बसवणाऱ्याला गावकऱ्यांनी बजावलं, "वर घे रे थोडा, मागच्या पोरांना दिसलं पाहिजे." त्याने वीतभर वर घेतला. मागच्या पोरांना आता छान दिसतं. सातवीच्या वर्गात बाई उठाबशा काढताना दिसतात.

त्याचं असं आहे. स्टार्टचं बटण तळाला, डाव्या कोपऱ्यात. खिडकी बंद करायची फुली सगळ्यात वर, उजव्या कोपऱ्यात. टेबलावरच्या कॉम्प्युटरला हे अंतर मनगटाच्या एका झटक्याचं. इथे पडदाच चार फूट उंच आणि माऊस म्हणजे मी. स्टार्टसाठी वाका, फुलीसाठी टाचा उचला, मधे फाइल सेव्ह करायला पुन्हा टाचा उचला. एक्सेल १९८५ चं, खुर्चीत बसून काम करणाऱ्या माणसासाठी केलेलं. असला फळा एका कॅनडियन कंपनीने बाजारात आणला १९९१ साली. दोघांची पत्रिका जुळवून बघावी असं कुणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

आमच्या बोर्डाच्या चौकटीतून इन्फ्रारेड किरण जातात. मधे जे येईल ते त्याच्या लेखी बोट. माझं बोट, माझी बांगडी, माझा पदर, सगळ्यांना सारखाच मान. पॉवरपॉइंट लावून मी वर्गाकडे वळले की पदर दोन स्लाइडी पुढे जातो. पावसाळ्यात एकदा पाल आली. तिने पेंट उघडला. (मला तो उघडायला तीन प्रयत्न लागतात.)

पण खरी कसोटी जोडस्तंभालेखाची. दोन-दोन स्तंभ शेजारी उभे करून तुलना दाखवणारा हा आलेख सातवीच्या गणितात आहे, आणि गावातल्या मुलगे-मुलींची वयोगटानुसार संख्या घेऊन तो एक्सेलमध्ये करून दाखवायचा, अशी मला हौस आली. एवढ्याशा चौकोनात बोट टेकवायचं आणि शेजारचा चौकोन निवडला जायचा. कुणाचा तरी धक्का प्रोजेक्टरला लागला होता, त्यामुळे बोट इकडे आणि बाण चार बोटं पलीकडे. पुन्हा कॅलिब्रेशन, म्हणजे बोट आणि बाण जुळवून घेणं. त्यासाठी पडद्यावर उमटणाऱ्या एकेका फुलीवर बोट ठेवत जा, आणि त्यातली एक अर्थातच वरच्या कोपऱ्यात. स्टूल आणलं.

पहिला वयोगट टाकला, ५-१०. एंटर दाबल्याबरोबर तिथे ५ ऑक्टोबर आलं. ना संवर्ग, ना विनंती अर्ज, गावातल्या सगळ्या लहान पोरांची थेट ऑक्टोबरमध्ये बदली! आकड्याआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकलं की एक्सेल गप्प बसतं, हे मला नंतर कळलं.

मग शीर्षक. पडद्यावरचा कीबोर्ड उघडला तर त्याने अर्धा तक्ता गिळला आणि स्वतः हाताच्या वावेएवढा पसरला. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डमध्ये स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. दहा बोटांनी टाइप करणाऱ्याला हे फार सोयीचं. एका बोटाने, तेही उभ्याने, 'जोडस्तंभालेख' लिहून बघा. ज साठी उजवीकडे, ओकाराला डावीकडे, ड आणि स ला उजवीकडे, पाय मोडायला डावीकडे, त ला उजवीकडे, अनुस्वाराला डावीकडे. भ आणि ख ला शिफ्ट धरून एकूण चौदा टिचक्या. मंगळागौरीला झिम्मा खेळले तेव्हा इतकी दमले नव्हते. पहिल्या बाकावरच्या पोरी तर टाळ्यांचा ठेकाच धरायला लागल्या.

आकडे समजावताना पेन घेऊन दोन बेरजा मांडल्या. पण पेनचं सॉफ्टवेअर पडद्यावर काच ठेवल्यासारखं असतं. पेन ठेवून तक्ता वर सरकवला तर आकडे गेले वर आणि बेरजा राहिल्या जागच्या जागी, दुसऱ्याच रकान्याखाली. मुलांनी त्या तशाच वहीत उतरवून घेतल्या. बाईंनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार.

शेवटी उपाय सापडला तो कपाटावर. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेला बंदी आणली तेव्हापासून आमची छडी तिथे धूळ खात पडली होती. किरणांना बोट काय आणि वेत काय! टोकाला पेन्सिलीचं रबर बसवलं, आणि फुली, सेव्ह, सगळं उभ्या जागेवरून हाताशी आलं. उठाबशा निम्म्यावर आल्या.

नेमके त्याच आठवड्यात तपासणीचे साहेब आले. दारातच थबकले. "बाई, वर्गात छडी?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "साहेब, छडी नाय ती. बाईंचा माऊस हाय."

साहेबांना गंमत वाटली. "बघू," म्हणाले, छडी हातात घेतली आणि अचूक नेम धरून फुलीवर टेकवली. सेव्ह करायचं का, असं एक्सेलने विचारलं. साहेबांनी तितक्याच अचूकपणे 'नको'वर टेकवली.

"छान चाललंय," म्हणाले आणि शेरेबुकात सही करायला ऑफिसात गेले.

मी पदर खोचला. पोरींनी ठेका धरला. ज साठी उजवीकडे.