विळ्याची कुळकथा

रविवारची सकाळ वर्तमानपत्रासाठी राखून ठेवावी, हे माझे तत्त्व जुळे सोलापुरातील आमच्या शेजारच्या अण्णांना मान्य नाही. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी व्युत्पत्तिशास्त्र हाती घेतले असून, जगातील यच्चयावत शब्द आपल्याकडूनच बाहेर गेले, असा त्यांचा सिद्धान्त आहे. मी महाविद्यालयात भाषा शिकवतो, एवढ्या अपराधावरून त्या सिद्धान्तावर मान डोलावण्याची शिक्षा मला झालेली आहे.

परवा गल्लीत धार लावणारा आला आणि अण्णा विळी घेऊन खाली उतरले, ते येताना शोध घेऊनच आले. "इंग्रज विळ्याला सिकल का म्हणतो? आपला शिकलगार ऐकला म्हणून!"

हे इतके चपखल बसते, की खोटे ठरवताना जिवावर येते. शस्त्रांना धार लावणारा तो शिकलगार, हे खरेच आहे. परंतु त्याच्या मुळाशी अरबीतील 'सैकल', म्हणजे घासून चकाकी आणणे, हा शब्द असून जादूगार आणि सौदागर यांच्या शेपटीला असलेला फारसी प्रत्ययच त्यालाही लागला आहे. इंग्रजांचा सिकल मात्र लॅटिन 'सेकुला'वरून आला आणि सेकुला 'सेकारे', म्हणजे कापणे, या क्रियापदावरून. कॅम्पानिया प्रांतात विळ्याला सेकुला म्हणतात, अशी नोंद इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातील रोमन पंडित व्हॅरो याने करून ठेवली आहे. जर्मन, डच आणि इंग्रज या तिघांच्याही पूर्वजांनी हे नाव उचलले. सेक्शन, सेक्टर, सेगमेंट ही सगळी त्याच कापाकापीची संतती, इतकेच नव्हे, तर अंगावर खाचा पडल्यासारखा दिसतो म्हणून इन्सेक्टही त्यातलाच, असे मी सांगितले, तेव्हा अण्णांनी मी किड्यावर येऊन चर्चेची पातळी खाली आणल्याची तक्रार केली.

मग मी संस्कृतकडे वळलो, कारण तेथे तरी ते प्रसन्न होतील, अशी आशा होती. कापणे या अर्थाच्या 'दा' धातूपासून झालेला 'दात्र' हा विळ्याचा शब्द ऋग्वेदात आहे. कापण्यासाठी पूर्वेकडचे लोक 'दाति' हे क्रियापद वापरतात आणि उत्तरेकडच्यांकडे मात्र 'दात्र' हे नाम आहे, असा बारकावा पतंजलीने महाभाष्यात टिपला आहे. विळ्यासारख्या वस्तूसाठी भाष्यकाराला प्रांतोप्रांतीचे कान द्यावेसे वाटले, याचे मला फार कौतुक आहे. अण्णांनी मात्र टाळी वाजवली. "दात्र म्हणजे दात! विळ्याला दाते असतातच!" दात 'दन्त'वरून आला, हे सांगायला मला उसंतच मिळाली नाही.

सोलापुरात राहून असा वाद घालणे विशेष धोक्याचे असते, कारण येथे प्रत्येक जिन्यावर निराळी भाषा उभी असते. अक्कलकोटकडच्या मावशी झाडू थांबवून म्हणाल्या, की त्यांच्या कन्नडात 'कुडुगोलु' म्हणतात. त्यात अण्णांना लगेच 'गोल' सापडला. वरच्या मजल्यावरच्या तेलुगू भाषक काकूंनी 'कोडवली' सांगितल्यावर तो गोल कोठे गेला, असे मी विचारले. "तेलुगूत सरळ केला असेल," असे उत्तर मिळाले. धार लावणाऱ्याने एवढ्या वेळात विळी परत केली होती आणि "आम्ही इळा म्हणतो," एवढे सांगून तो पैशांसाठी ताटकळत होता. त्याच्याकडे मात्र कोणीच लक्ष दिले नाही.

(घरोघरी भोपळा कापते विळी आणि वैराचे खापर मात्र विळ्यावर, हा अन्याय मला फार दिवसांपासून खटकतो, परंतु तो अण्णांपुढे काढण्याचे धाडस मी करणार नाही.)

शेवटी त्यांची समजूत पटावी म्हणून मी एक उदाहरण दिले. उभ्याने गवत कापण्याच्या लांब दांड्याच्या विळ्याला इंग्रजीत 'सायथ' म्हणतात. तो शब्द जुन्या इंग्रजीत साधा 'स'ने लिहीत असत. परंतु कापणे या अर्थाच्या लॅटिन 'स्किन्देरे'शी त्याचे नाते असावे, अशा समजुतीने पुढच्या लिहिणाऱ्यांनी त्यात एक 'सी' घुसवला आणि तो उच्चारात नसूनही आजतागायत तेथेच बसून आहे. कानाला सारखे वाटले म्हणून नाते जोडले, की असे होते, हे मला सुचवायचे होते. अण्णा मात्र हरखून गेले. नुसत्या समजुतीच्या बळावर एका अख्ख्या भाषेचे स्पेलिंग बदलता येते, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेच नव्हते. त्यांनी तत्काळ वही मागवली असून, मराठी शुद्धलेखनातील दुरुस्त्यांची पहिली यादी येत्या रविवारी सकाळी माझ्याकडे तपासायला येणार आहे.