पेशंट चालत आला, क्लेम आडवा झाला

अभिनंदन, निवड झाली. सोमवारपासून संध्याकाळी कंपनीची कॅब दारात येईल आणि ऐरोलीत नाहीतर हिंजवडीत बसून तुम्ही पहाटेपर्यंत अमेरिकेतल्या अँब्युलन्सची बिलं कराल. घरी काय सांगायचं याची काळजी नको. ‘अमेरिकन हेल्थकेअरमध्ये आहे’ एवढंच म्हणा. आत्याला वाटेल, डॉक्टरच्या एकच पायरी खाली. खरं तर तुमचं काम तलाठ्याच्या जास्त जवळचं आहे, पण स्थळं बघून होईपर्यंत ते कुणाला सांगू नका.

पहिलं काम विसरण्याचं. तुम्ही १०८ च्या महाराष्ट्रातले. २०१४ पासून इथे फोन केला की गाडी येते, पेशंटला नेते, कुणी पावती फाडत नाही. त्यामुळे अँब्युलन्स म्हणजे चाकांवरचा दवाखाना असा तुमचा गोड गैरसमज असणार. मेडिकेअरच्या, म्हणजे मुख्यतः पासष्टीपुढच्यांच्या सरकारी विम्याच्या लेखी अँब्युलन्स ही वाहतूक आहे, टेम्पोसारखी. माल चढला आणि उतरला, तर भाडं. पॅरामेडिक मधुमेही आजोबांच्या घरी पोचला, शिरेतून ग्लुकोज दिलं, आजोबा उठून बसले आणि म्हणाले, ‘आता बरं वाटतंय, मी काही येत नाही.’ माल चढलाच नाही, मेडिकेअरकडून शून्य. जागेवरच्या उपचाराचेही पैसे देऊन बघू, असा पाच वर्षांचा एक प्रयोग २०२१ मध्ये सुरू झाला होता. तो २०२३ अखेर गुंडाळला. तेव्हा तुम्ही फाइल बंद करा आणि आजोबांच्या प्रकृतीबद्दल आनंद माना, तोही ब्रेकमध्ये.

आता मुख्य विद्या. पेशंट किती आजारी होता हा प्रश्न कधी विचारू नका. प्रश्न एवढाच: त्याला दुसऱ्या कुठल्या वाहनानं नेलं असतं तर प्रकृतीला धोका होता का? ते दुसरं वाहन त्या रात्री, त्या गावात हजर होतं की नाही, याच्याशी मेडिकेअरला कर्तव्य नाही. आजीच्या मुलाकडे गाडी नाही, गावात टॅक्सी नाही, बाहेर गुडघाभर बर्फ, ही कारणं तुमच्या मनाला पटतील. मनाचा कोड नाही.

उत्तर सापडतं रन शीटमध्ये, म्हणजे त्या फेरीच्या नोंदीत. गाडीवरची माणसं शिफ्टच्या शेवटी, मांडीवर टॅब घेऊन, गाडीत बसून ही लिहितात. ती प्रेमानं वाचा. हॉस्पिटलमधून नर्सिंग होमला सोडलेल्या एका बाईंची शीट अशी असते: ‘पेशंट शुद्धीवर, बोलत होत्या. दोघांच्या आधारानं चार पावलं चालून स्ट्रेचरवर आल्या.’ झालं. ही चार पावलं त्या बाईंनी टाकली नाहीत, तुमच्या क्लेमनं टाकली, ती सरळ सीओ-५० च्या खड्ड्यात. सीओ-५० म्हणजे ‘वैद्यकीय गरज दिसत नाही’. हा आकडा पाठ करा, रोज भेटणार आहे.

त्याच बाईंच्या डॉक्टरी दाखल्यावर, ज्याला आपण पीसीएस म्हणतो, ‘बेड कन्फाइन्ड’च्या चौकोनात ठसठशीत टिक असते. बेड कन्फाइन्ड म्हणजे एकाच वेळी तीन गोष्टी: मदतीशिवाय अंथरुणातून उठता येत नाही, चालता येत नाही, आणि खुर्चीत, अगदी व्हीलचेअरमध्येही, बसता येत नाही. तीनपैकी दोन म्हणजे शून्य. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाणारे आजोबा घ्या. दाखल्यावर खुर्चीत बसता येत नाही, आणि डायलिसिस सेंटरच्या नोंदीत मात्र आजोबा चार तास खुर्चीत बसून रक्त शुद्ध करून घेतायत. ऑडिटर हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवतो. त्याला दुसरं काम नसतं. बेड कन्फाइन्ड हा एकमेव निकष नाही असं नियमातच लिहिलंय, पण मग दुसरं कारण शीटमध्ये शब्दांत दिसलं पाहिजे: नितंबावरची चौथ्या टप्प्याची जखम, कमरेचं ताजं ऑपरेशन, वाटेत सक्शन लागणं. ‘अशक्तपणा’ हे कारण नव्हे. अशक्तपणा तुम्हालाही पहाटे चारला येतो.

आणि हो, तुमचा हात शिवशिवेल. ‘चालून’ खोडून ‘चादरीवर उचलून’ केलं की काम भागेल, असं वाटेल. करू नका. नुसत्या नीतीसाठी म्हणत नाही. खोट्या क्लेमच्या कायद्यात सरकार तिप्पट वसूल करतं आणि खबर देणाऱ्याला वसुलीतला १५ ते ३० टक्के वाटा मिळतो. शेजारच्या डेस्कवरचा शांत मुलगा रोज काय टिपून घेतो, हे तुम्हाला माहीत नाही. गाडीवरच्या माणसाला खरंच चादरीवर उचलल्याचं आठवत असेल, तर त्यानंच तारीख-वेळ टाकून पुरवणी नोंद लिहावी. तुम्ही फक्त नम्र ईमेल करा आणि उत्तराची वाट पाहा. तो तोवर नोकरी सोडून गेलेला असतो.

दाखल्याची सहीसुद्धा मजेशीर आहे. ठरलेल्या, वारंवारच्या फेऱ्यांसाठी डॉक्टरचीच सही, तीही आधी, आणि साठ दिवसांपेक्षा जुनी नाही. आयत्या वेळच्या बिगरतातडीच्या फेरीला ४८ तासांत. डॉक्टर सापडत नसेल तर नर्स किंवा डिस्चार्ज प्लॅनर चालतो. कुणीच सापडत नसेल तर २१ दिवस पाठपुरावा करा, पोस्टाची पोच जपून ठेवा, आणि मग सहीशिवाय क्लेम पाठवा. सही मिळाली नाही याचा पुरावा सहीइतकाच चालतो. अर्ज घेऊन तीनदा तहसीलला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त सही मिळाली म्हणून पैसे मिळाले असं नाही. नियम स्पष्ट सांगतो की दाखला म्हणजे गरजेचा पुरावा नव्हे. मग दाखला कशाला, असं ट्रेनिंगमध्ये विचारू नका. मागच्या बॅचला एकानं विचारलं म्हणून सगळ्यांचा चहा लांबला, असं ट्रेनर तुम्हाला सांगेलच.

दराची पायरी सोपी, मूळ दराच्या किती पट एवढंच. साधी बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षक सेवेची, तातडीची नसलेली फेरी म्हणजे १. तीच तातडीची असेल तर १.६. एएलएस म्हणजे प्रगत जीवरक्षक सेवा: एएलएस-१ तातडीची १.९, एएलएस-२ म्हणजे २.७५, आणि व्हेंटिलेटरसकट एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात नेण्यासारखी खास फेरी ३.२५. एएलएस-२ साठी शिरेतून औषधाचे निदान तीन वेगवेगळे डोस मोजा, नाहीतर श्वासनलिकेत नळी, हातानं दिलेला शॉक यांपैकी एखादी मोठी क्रिया शोधा. तोंडातून दिलेली अ‍ॅस्पिरिन मोजू नका, सलाइन मोजू नका. अ‍ॅस्पिरिननं जीव वाचतो हे खरं. पायरी वाढत नाही.

इथून पुढचा भाग जेवणाच्या ब्रेकनंतर वाचलेला बरा. पेशंट दगावला तर पैसे किती, हे तो कधी दगावला यावर आहे. गाडी निघायचा हुकूम सुटण्याआधीच मृत घोषित केला, तर काही नाही. हुकूम सुटल्यावर पण गाडीत चढवण्याआधी, तर बीएलएसचा मूळ दर, मैल शून्य, आणि क्यूएल हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची अक्षरं. गाडीत चढवल्यावर, तर जगला असता तर जेवढे मिळाले असते तेवढे पूर्ण. आता समजा रात्री २:१० ला कॉल सुटला, २:१९ ला गाडी पोचली. स्वयंपाकघराच्या फरशीवर बारा मिनिटं छाती दाबली, नळी घातली, अ‍ॅड्रिनलिनचे तीन डोस गेले, आणि २:३१ ला फोनवरच्या डॉक्टरनं थांबायला सांगितलं. काम २.७५ चं. तुम्ही भरायचं बीएलएस, क्यूएल लावून. हीच माणसं त्याला उचलून गाडीत घालून निघाली असती, तर पूर्ण एएलएस-२ आणि वर मैल. धावत्या गाडीत छाती नीट दाबता येत नाही, म्हणून शहाणी माणसं फरशीवरच थांबतात. शहाणपणाची किंमत तुम्ही क्लेम फॉर्मच्या कॉलम २४ मध्ये भरता.

दोन पेशंट एकाच गाडीत असतील तर प्रत्येकाला मूळ दराच्या ७५ टक्के, तीन किंवा जास्त असतील तर ६० टक्के, मैल वाटून. अपघात सहकुटुंब झाला तर सवलत आहे, हे नातेवाइकांना कळवायची गरज नाही.

मैलांचं मात्र काटेकोर बघा. भाडं फक्त पेशंट आत असतानाच्या मैलांचं. रानातल्या शेतघरापर्यंत रिकामी गाडी चाळीस मैल गेली, ती हवापाण्यावर गेली असं समजा. आपला रिक्षावालासुद्धा रात्री ‘रिटर्न भाडं द्या’ म्हणतो. अमेरिकन अँब्युलन्सला ते धाडस नाही. शंभर मैलांपर्यंत दशांशात लिहा: ६.३ म्हणजे ६.३, ७ नव्हे. ६.३ मैलांवर योग्य हॉस्पिटल असताना पेशंटला आपल्या नेहमीच्या डॉक्टरसाठी १४.८ मैलांवरच जायचं असेल, तर ८.५ मैल ए-०८८८ वर, म्हणजे मेडिकेअर देत नाही त्या मैलांच्या कोडवर टाका, ते त्याच्या खिशातून. फेरीचा मॉडिफायर दोन अक्षरी: पहिलं कुठून, दुसरं कुठे. घरून हॉस्पिटल आर-एच, रस्त्यावरून एस-एच, नर्सिंग होमहून एन-एच, घरून स्वतंत्र डायलिसिस सेंटर आर-जे. ‘एच’ आणि ‘आर’ उलटे पडले तर पेशंट बरा होऊन घरी गेला असा अर्थ होतो. ती आनंदाची बातमी असूनही डिनायल, म्हणजे क्लेमला नकार येतो.

दर कुठला लागणार हे पेशंटला जिथून उचललं त्या पिनकोडवर ठरतं. तिथे त्याला झिप म्हणतात. ग्रामीण भागात पहिल्या १७ मैलांना दीडपट, आणि अतिग्रामीण असेल तर मूळ दरावर २२.६ टक्के जादा. रस्त्याच्या अलीकडे शहर आणि पलीकडे खेडं, असंही होतं. माणसानं पडायचंच असेल तर पिनकोड पाहून पडावं, एवढं त्यांच्या गावकऱ्यांना कुणीतरी शिकवायला हवं.

धोरणाच्या बातम्यांत फार वेळ घालवू नका. २२.६ वाला जादा दर आणि त्याचे धाकटे भाऊ, शहराला २ टक्के, ग्रामीणला ३ टक्के, हे सगळे ‘तात्पुरते’ आहेत. धाकटे २००८ पासून तात्पुरते आहेत, म्हणजे आपल्या हंगामी कर्मचाऱ्यांना त्यांच्याकडून बरंच शिकता येईल. ते २०२४ अखेर संपणार होते. मग ३१ मार्च २०२५, मग ३० सप्टेंबर. त्यानंतर खर्चाची मंजुरी अडून तिकडचं सरकारच बंद पडलं, आणि नोव्हेंबरात मागल्या तारखेपासून ३० जानेवारी २०२६ पर्यंत जीव मिळाला. अशी मुदत संपली की तुमच्या टीम लीडरचा मेसेज येतो: ‘क्लेम होल्ड करा.’ थोड्या दिवसांनी दुसरा: ‘सोडा.’ तिसरा नेहमी असतो: ‘होल्ड का केले होते?’ वार्षिक वाढही असते. २०२५ साठी महागाई ३ टक्के, त्यातून उत्पादकता वाढली असणार असं गृहीत धरून ०.६ वजा, हाती २.४. एका स्ट्रेचरवर एकच माणूस झोपत असताना उत्पादकता कुठे वाढली, ते शोधायचं काम तुमचं नाही.

खासगी विम्याच्या पेशंटांशी बोलताना आवाज मऊ ठेवा. अचानक येणाऱ्या भरमसाट बिलांपासून वाचवणारा केंद्रीय कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात हेलिकॉप्टर अँब्युलन्स आली, रस्त्यावरची वगळली. मग समिती बसली. पेशंटच्या खिशातून १०० डॉलरहून जास्त जाऊ नयेत, अशी शिफारस समितीनं केली, आणि शिफारस जागच्या जागी आहे. काही राज्यांनी आपापले कायदे केले, पण मालकानं स्वतःच्या पैशानं चालवलेल्या विम्याला ते लागू होत नाहीत. हे तुम्ही फोनवर बाराशे डॉलरचं बिल हातात धरलेल्या बाईला समजावायचं आहे, तिच्या नाश्त्याच्या वेळी आणि तुमच्या जेवणाच्या वेळी.

राहिला सन्मान. मे महिन्यात तिकडे आपत्कालीन सेवा सप्ताह असतो. १९७४ साली राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सुरू केला. पोस्टर, टी-शर्ट, पिझ्झा. पिझ्झा दुपारी बाराला येतो आणि गाड्या तेव्हा कॉलवर असतात. ऑफिसातली माणसं तो खातात. अँब्युलन्सवरची सहा टोकांची निळी चांदणी तुम्ही पाहिली असेल, आपल्याकडच्या कित्येक गाड्यांवरही आहे. सहा टोकं म्हणजे सहा पायऱ्या: घटना लक्षात येणं, कळवणं, गाडी निघणं, जागेवरची शुश्रूषा, वाटेतली शुश्रूषा, हॉस्पिटलच्या हाती सोपवणं. सातवं टोक काढलेलं नाही. ते तुम्ही. फेरीनंतर वर्षभरात क्लेम गेला नाही तर सीओ-२९, म्हणजे ‘मुदत टळली’, आणि मग पेशंट आडवा होता की उभा, काही फरक पडत नाही.

बाकी सोमवारी कळेलच. कॅब साडेसहाला. खाली येऊन उभे राहा. ड्रायव्हर पाच मिनिटं थांबतो, दोन मिसकॉल देतो आणि ‘नो शो’ मारून निघतो. तुम्ही गाडीत चढला नाहीत तरी त्याची ट्रिप भरते.