सॉर्बिट्रेट खिशात असली म्हणजे झालं?

मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक संदेश सारखा फिरतोय: "छातीत कळ आली की सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा. कुणालाही चालते. कळ थांबली की धोका टळला. बरं वाटलं की रोजच्या गोळ्या बंद करा." पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण यातलं एकेक वाक्य जिवावर बेतू शकतं.

"कुणालाही चालते." नाही चालत! ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते. हृदयावरचा ताण उतरतो, तसं बीपीही उतरतं. मे महिन्यात परभणीत पारा 42 च्या वर जातो. भर उन्हात काम करून घामाघूम झालेल्या, पाणी न प्यायलेल्या माणसाने बांधावर उभ्या-उभ्या गोळी ठेवली, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो तिथंच कोसळू शकतो. म्हणून आधी खाली बसायचं, मग गोळी. अटॅक हृदयाच्या उजव्या भागाला असेल, किंवा महाधमनीची झडप फार अरुंद झाली असेल, तर बीपी एकदम घसरतं. हे घरबसल्या कुणाला कळणार? आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे कुणी बोलत नाही. लैंगिक ताकदीची म्हणून घेतलेली सिल्डेनाफिल असेल तर 24 तास आणि टाडालाफिल असेल तर 48 तास सॉर्बिट्रेट घ्यायची नाही. मेडिकलवरून गुपचूप आणली असली, तरी डॉक्टरांना सांगाच. इथं लाज धरून चालत नाही.

"कळ थांबली की धोका टळला." अन्ननलिका आखडून होणारं दुखणंही या गोळीने थांबतं, आणि अटॅकची कळही काही वेळ दबते. म्हणजे आराम पडला यावरून काहीच ठरत नाही. ईसीजी काढावाच लागतो. ज्यांना अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत येणारी कळ, आहे आणि डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आहे, त्यांनी बसून एक गोळी ठेवावी. पाच मिनिटांत कळ गेली नाही, तर 108 ला फोन. पहिल्यांदाच अशी कळ आली असेल, तर थेट 108. "पित्त असेल, सकाळी बघू" म्हणत रात्र काढू नका.

"रोजच्या गोळ्या बंद करा." मेटोप्रोलॉलसारखी हृदयाचे ठोके आणि बीपी आवरणारी गोळी अचानक सोडली, तर अंजायना उसळतो, अटॅकही येऊ शकतो. नायट्रेटची, म्हणजे सॉर्बिट्रेटच्याच गटातल्या रोजच्या औषधाची, दिवसातली दुसरी गोळी डॉक्टर मुद्दाम दुपारी लिहितात, कारण रात्रभर खंड पडला नाही तर शरीराला तिची सवय होते आणि गुण येईनासा होतो. ती आपल्या मनाने रात्री ढकलू नका. सुरुवातीला डोकं ठणकेल. ते डॉक्टरांना सांगा, पण गोळी स्वतःहून सोडू नका.