डबा परत करायला जाणारी बाई

विवाहित माणसाला पडणाऱ्या मोहाची कथा लिहिताना आपण पात्रांच्या मनाचा फार विचार करतो आणि ती कुठे उभी आहेत याचा फारच कमी. ही चूक मी स्वतः केली आहे. नवऱ्याच्या मित्राकडे ओढल्या गेलेल्या बाईची माझी कथा आधी गंगापूर धरणाजवळच्या द्राक्षबागेत घडत होती. कलती संध्याकाळ, पाण्यावरून येणारा वारा, आसपास चिटपाखरू नाही. कथा आठ पानांतच निर्जीव झाली, कारण मोहाला अडवणारे तिथे काहीच नव्हते; सारे काम जागेनेच परस्पर उरकून टाकले होते.

मग तीच माणसे मी जुन्या नाशकातल्या, सराफ बाजारामागच्या एका वाड्यात आणली. सामाईक जिना, चौकातला नळ, वरच्या सज्जात कुरडयांचे वाळवण राखत बसलेल्या आजी, आणि सकाळी ‘पंचवटी’ने एक्सप्रेसने मुंबईला जाऊन रात्री परतणारा नवरा. दिवस मोकळा आहे, पण जिना मोकळा नाही. मित्राच्या खोलीकडे जायला तिला निमित्त लागते, म्हणून ती त्याचा रिकामा डबा परत करायला निघते. घासून पुसून कोरडा केलेला तो डबा ती पुन्हा एकदा पदराने पुसते, एवढे लिहिल्यावर तिच्या मनाविषयी वेगळे वाक्य लिहिण्याची गरजच उरली नाही.

रशियन लेखक चेखवची १८९९ सालची, समुद्रकाठच्या याल्ताला कुत्रा घेऊन फिरणाऱ्या बाईची कथा मी याच दृष्टीने पुन्हा वाचली. याल्तामध्ये सगळेच सुटीवर आलेले, त्यामुळे ओळख सहज होते आणि पुढचेही सहज होते. ती रडवेली बसलेली असताना कथेचा नायक गुरोव्ह निवांतपणे कलिंगड खातो. प्रकरण खरे जड होते ते तो तिच्या गावी जातो तेव्हा. तिच्या घरासमोर खिळे ठोकलेले लांबलचक करडे कुंपण आहे, आणि भेट होते ती भरलेल्या नाट्यगृहाच्या जिन्यात, जिथे वरच्या टप्प्यावर सिगारेट ओढणारी दोन शाळकरी मुले खाली बघत आहेत. मला ती दोन मुले समुद्रापेक्षा महत्त्वाची वाटतात.

नाशिककरांना हे खरे तर बाहेरून शिकायला नको. आपल्या गावाचे नावच, लोक सांगतात त्याप्रमाणे, एका फसलेल्या मोहाच्या नाकावरून पडले. शूर्पणखा सीतेच्या देखत रामाला सरळ मागणी घालते, कारण ते अरण्य आहे. वाड्यात असे विचारता येत नाही.

वाडे आता पडत चालले, हे कबूल. फ्लॅटमध्ये आजींच्या जागी वॉचमनची वही आणि लिफ्टमधला कॅमेरा येतो, पण त्यांना कुतूहल नसते, आणि तिथे मला अजून कथा सापडलेली नाही.

वाड्यातली कथाही अर्धीच आहे. डबा घेतलेली ती जिन्याच्या वळणावर थांबली आहे आणि आजींनी वरून विचारले आहे, “कोण गं ते?”