लसीनंतर खांदा धरतो तो "विषामुळे" नाही, सुई चुकल्यामुळे

आमच्या फॅमिली ग्रुपवर एका काकांनी परत तो फॉरवर्ड टाकलाय. लस घेतल्यावर खांदा आखडला तर समजा लसीतलं विष सांध्यात उतरलं, महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवा, तेलाने जोरात रगडा, पुढची कुठलीच लस घेऊ नका, आणि खाली पुरावा म्हणून "अमेरिकेत यासाठी पैसे देतात!!" हे वाचून गप्प बसवलं नाही, कारण दोन वर्षांपूर्वी फ्लूच्या लसीनंतर माझ्या आईचा उजवा खांदा खरंच धरला होता, चार महिने घरात तेच चालू होतं.

आधी विषाचं बघू. लस द्यायची असते दंडाच्या जाड स्नायूत, डेल्टॉइडमध्ये. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं त्याच्या दोन-तीन बोटं खाली. त्याच्यावर, म्हणजे अगदी हाडालगत टोचली तर सुई स्नायूत न थांबता खाली बर्सा नावाची पातळ पिशवी असते तिच्यात जाऊ शकते, ही पिशवी सांध्याला घासू न देण्याचं काम करते. तिथे औषध गेलं की सूज येते, आणि सूज आली की हात वर जात नाही. याला सिर्वा (SIRVA, म्हणजे लस टोचताना खांद्याला झालेली इजा) म्हणतात आणि हे फ्लू, धनुर्वात, कोविड कुठल्याही लसीने होऊ शकतं, कारण प्रश्न बाटलीत काय आहे याचा नाहीये, सुई कुठे गेली याचा आहे.

आईच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. ब्लाऊजची बाही घट्ट, वर सरकेना, मागे रांग, मग त्या ताईंनी गळ्याकडून ब्लाऊज खांद्यावरून खाली ओढला आणि जेवढा भाग उघडा झाला तिथेच टोचलं. उघडा काय होणार, खांद्याचं टोकच! पुरुषही फुल शर्टाची वरची दोन बटणं काढून असंच करतात. त्यात लस देणारा उभा आणि घेणारा बसलेला असला की सुई आणखीच वर जाते. त्याच रात्री तिला कुशीवर झोपता येईना. आठवड्याने अंबाडा घालता येईना, तर बाबांनी कसाबसा क्लच लावून दिला (तो दर दहा मिनिटांनी पडायचा).

हां, पण प्रत्येक दुखणं म्हणजे सिर्वा नाही. दंड एक ते तीन दिवस ठणकणं नॉर्मल आहे, बहुतेकांचं तेवढंच असतं. सिर्वात दुखणं साधारण ४८ तासांच्या आत सुरू होतं आणि जायचं नाव घेत नाही, हात बाजूने वर नेताना कळ येते. लसीनंतर तीन महिन्यांनी खांदा आखडला तर लसीला दोष देऊ नका, चाळीस ते साठ वयात आणि खास करून शुगर असणाऱ्यांना फ्रोजन शोल्डर असाही होतो.

हात बांधून ठेवा हा तर सगळ्यात घातक सल्ला. आईने दोन आठवडे तेच केलं, ओढणीची झोळी करून, आणि जो खांदा नुसता दुखत होता तो जाम झाला. सोनोग्राफीत बर्सात पाणी दिसलं, मग गोळ्या, फिजिओ, पुढे वाकून हात लंबकासारखा झुलवणं, भिंतीवर बोटं चालवत वर नेणं, टाइल्सच्या रेघेवर पेन्सिलने खूण करायची, आज कुठवर गेला. तरी अडलं तेव्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, त्याने काही दिवस शुगर वाढते हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं आणि वाढलीही. रगडण्याबद्दल काय बोलू, सुजलेल्या जागी जोर लावून बघा एकदा.

आता अमेरिका. पैसे देतात हे खरं आहे. तिथे लसींमुळे इजा झाली तर भरपाईची योजना १९८८ पासून आहे आणि २०१७ मध्ये तिच्या यादीत सिर्वा आला, अट काय तर दुखणं ४८ तासांत सुरू झालेलं पाहिजे. पण ती नोंद टोचण्याच्या पद्धतीमुळे होणाऱ्या इजेची आहे. काकांच्या फॉरवर्डने पैसे दिले एवढं उचललं आणि कशासाठी ते सोडून दिलं.

"दोन दिवसांत जाईल, मनाला लावून घेऊ नका" म्हणणाऱ्यांवरही माझा राग आहे, आईला हे दोन ठिकाणी ऐकवलं गेलं. आठवडा झाला आणि हात वर जात नसेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, लस घेतली तिथेही कळवून नोंद करायला लावा. ताप, लाली, गरम सूज असेल तर आठवडाही थांबू नका.

राहिलं पुढची लस न घेणं. आईने यंदा फ्लूची लस घेतली, डाव्या हाताला, सैल बाहीचा कुर्ता घालून, आणि बसल्या बसल्या त्या ताईंना म्हणाली, तुम्ही पण बसूनच द्या हो. दुसऱ्या दिवशी दंड थोडा दुखला, तिसऱ्या दिवशी तिने त्याच हाताने वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा काढला.